सावलीचे वारस

पारा बावन्नवर गेला होता. शहरात झाडं उरली होती ती फक्त जुन्या दफनभूमीत, आणि तिथे पुरलेल्यांच्या नातलगांनाच आत सोडत. सुगंधाने तापलेल्या तान्हीचं बोट फाटकावरच्या यंत्राला लावलं. यंत्राने रक्ताचा थेंब आतल्या हाडांशी ताडून पाहिला. दिवा लालच राहिला.

"आत तुमचं कुणी नाही," रखवालदार म्हणाला.

"अहो, ही झाडं माझ्या सासऱ्यांनी लावलीत! चाळीस वर्षं इथे माळी होते ते."

"पण तुम्ही त्यांना जाळलंत ना?"

भिंतीला टेकलेल्या सासूबाई सगळं ऐकत होत्या. "मला जाळू नका गं," त्या म्हणाल्या. "इथेच पुरा."

एरवी सुगंधा म्हणाली असती, असं अभद्र बोलू नये. आज ती रखवालदाराकडे वळली.

"आत जागा आहे का हो?"