कामाकुराची तिसरी फेरी

“बाबा, कामाकुरा दोनदा झालं की तुमचं,” पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळत अबोली म्हणाली. “पुढच्या आठवड्यात सत्यजितला सुट्टी आहे. क्योतोला जाऊ सगळे.”

“जाऊ की,” भानुदास म्हणाले. “आज कामाकुरा. आणि डबा जरा जास्तीचा दे. दोघांचा.”

अबोलीने नवऱ्याकडे पाहिलं. सत्यजितने पेपर खाली ठेवला.

बँकेतून निवृत्त होऊन भानुदासांना आठ वर्षं झाली होती, आणि पत्नी रेखाताई जाऊन एक. ठाण्याच्या घरात एकटे बसून राहतात म्हणून सत्यजितने त्यांना तीन महिन्यांसाठी फुनाबोरीला आपल्या घरी आणलं होतं. पण तो सकाळी सातला सॉफ्टवेअरच्या कामावर निघायचा तो रात्री उगवायचा, आणि अबोलीचीही नोकरी. विरंगुळा म्हणून तिनेच मंगळवारची ती सहल ठरवून दिली होती. समुद्रकाठचं जुनं शहर, सहाच माणसांचा ग्रुप आणि गाइड चक्क मराठी. मंगळवारी भानुदास घरी आले ते न जेवताच झोपले. गुरुवारी पुन्हा गेले. आज शनिवार.

सत्यजित दारापर्यंत आला. “बाबा, त्या गाइडचं, जयंतीचं, लग्न झालंय. तिचा नवरा आमच्या ओळखीतला आहे. इथे आपली माणसं मोजकीच. लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

भानुदास बुटाची नाडी बांधत राहिले. “आई असती तर...” एवढंच सत्यजित म्हणाला.

स्टेशनबाहेरच्या घड्याळाखाली जयंती पिवळा रुमाल बांधलेली काठी घेऊन उभी होती. तिशीची, सडपातळ, निळ्या कोटातली. भानुदासांना पाहून तिचं हसू जरा ओसरलं.

“काका, पुन्हा?”

“तुम्ही छान सांगता,” भानुदास म्हणाले.

ग्रुपमध्ये मुंबईहून बँकेच्या पोस्टिंगवर नुकतंच आलेलं विश्वजित-चारुता हे जोडपं होतं, आणि पुण्याचे तीन इंजिनियर. जयंती सगळ्यांना घेऊन मोठ्या बुद्धापाशी आली. पाचशे वर्षांपूर्वी समुद्राची लाट इथवर चढली, भोवतालचं देऊळ घेऊन गेली आणि मूर्ती तेवढी उघड्यावर राहिली, असं तिने सांगितलं. फोटो निघाले. भानुदासांनी एकही काढला नाही. ते तिच्याकडेच बघत होते.

जेवायला सगळे बागेतल्या बाकांवर बसले. भानुदास जयंतीच्या बाकावर जाऊन बसले आणि डबा उघडून मध्ये ठेवला.

“मला दुपारी भूक नसते, काका.”

“दोन घास घ्या. अबोलीच्या हातची भरली वांगी आहेत.”

सगळे बघत होते म्हणून तिने अर्धी पोळी खाल्ली.

“घरी कोण कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“मी आणि हे. हे सध्या ओसाकाला आहेत. प्रोजेक्टवर.”

“येतात कधी?”

“काका, बुद्धाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा.”

इंजिनियरांपैकी एक जण हसला. जयंतीने डब्याचं झाकण लावलं आणि ती उठली.

दुपारी किनाऱ्यावर वारा होता. भानुदास तिच्या शेजारून चालत राहिले, तेही पाण्याच्या बाजूने. दोनदा लाटेने त्यांचे बूट भिजवले. ती भरभर चालू लागली की तेही धापा टाकत पाय उचलायचे. “आजोबांचं काही खरं नाही,” चारुता नवऱ्याला म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. भानुदासांनाही.

परतताना जयंती म्हणाली, “हा माझा शेवटचा ग्रुप. मंगळवारपासून दुसऱ्या गाइड येतील.”

“का हो? भारतात परत?” विश्वजितने विचारलं.

“हो. तसंच काहीसं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भानुदासांचे हात खिशातच राहिले.

चारच्या सुमारास ग्रुप स्टेशनवर आला. पाचही जण तिचे आभार मानून आत गेले. भानुदास फाटकाबाहेरच उभे राहिले.

“तुमची गाडी लागलीय, काका.”

“पुढच्या गाडीने जाईन. तुमच्याबरोबर. तुम्हीही त्याच बाजूला राहता ना?”

“मला इथे काम आहे.”

“मग थांबतो.”

जयंतीचा चेहरा लाल झाला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती मराठीतच, पण दबक्या आवाजात बोलू लागली. “काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात म्हणून गुरुवारी गप्प बसले. आज सगळ्या ग्रुपसमोर तुम्ही मला नको नको करून सोडलंत. तुमच्या मुलाला फोन करू का? की इथल्या स्टेशनच्या माणसाला बोलावू?”

“बोलवा,” भानुदास म्हणाले. “सत्यजितलाही करा फोन. त्याला काय वाटायचं ते वाटून झालंय.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. मंगळवारपासून वाटतेय.”

तिने काठीवरचा रुमाल सोडून त्याची घडी केली आणि ती पिशवीत ठेवली. आतली गाडी निघून गेली. फाटकातून माणसं बाहेर आली, दोघांना वळसा घालून पांगली.

“तुम्हाला माझ्याकडून नेमकं हवंय तरी काय?”

भानुदासांनी डब्याची पिशवी खाली ठेवली.

“मंगळवारी माझी गाडी चुकली, म्हणून मी वेळ काढायला परत समुद्रावर आलो होतो,” ते म्हणाले. “तुम्ही कोटासकट गळ्यापर्यंत पाण्यात गेला होतात, जयंतीताई. मग तुमच्या तुम्हीच मागे फिरलात. मी वाळूत उभा होतो, आणि माझ्या तोंडून साधी हाकसुद्धा फुटली नाही.”