वर केलेला हात

पडद्यावर तो हात पुन्हा वर गेला. डावा हात, कोपरापासून ताठ, हेल्मेटच्याही वर.

"थांबवा इथेच," घोरपड म्हणाली. वळणावर गाडीच्या टाकीला चिकटली की सुटायचं नाव घेत नाही, म्हणून शर्यतीतली मंडळी तिला घोरपड म्हणत. "आता सांगा. हा हात नाही तर काय आहे?"

"हातच आहे," अध्यक्ष म्हणाले. "नाही कोण म्हणतंय?"

राष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या त्या खोलीत एसीने हुडहुडी भरत होती. टेबलावर बिस्किटं होती, तीही समितीच्याच बाजूला. समिती म्हणजे अध्यक्ष, लिहून घेणारे सचिव आणि कायद्याचं बघणाऱ्या वकीलबाई. समोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत घोरपड, दुसऱ्या खुर्चीत तक्रारदार. तक्रारदार म्हणजे अध्यक्षांचा मुलगा. आपण इथे बाप म्हणून बसलेलो नाही, हे अध्यक्षांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं होतं.

मागच्या शर्यतीत पुढे कुणीतरी पडलं म्हणून वळणावर पिवळा झेंडा दाखवला होता. पिवळा झेंडा असताना पुढच्याला ओलांडायचं नाही, हा नियम. मुलगा पुढे होता, ती मागे. त्याने हात वर केला आणि गाडी सावकाश केली. हात वर म्हणजे माझी गाडी गेली, मला चुकवा, बाजूने निघून जा. हे पहिल्याच दिवशी शिकवतात, बाकी सगळं नंतर. ती बाजूने निघून गेली. मग पठ्ठ्याने हात खाली घेतला, गाडी पळवली, दुसरा आला आणि हेल्मेटही न काढता तक्रार द्यायला गेला. तक्रार मान्य झाली तर रविवारच्या शेवटच्या शर्यतीतून ती बाद. मग राष्ट्रीय विजेतेपद त्याचंच. त्या दोघांच्या जवळपास तिसरं कुणी नव्हतं.

"मी काच पुसत होतो," मुलगा म्हणाला. "हेल्मेटवर किडा बसला होता."

"एवढा हात ताठ करून? किडा काय आभाळात बसला होता?"

वकीलबाईंना हसू आलं. त्यांनी घाईने एक बिस्किट तोंडात टाकलं.

"नियमावलीत दाखव," अध्यक्षांनी जाडजूड पुस्तक तिच्याकडे ढकललं. "हात वर दिसला की ओलांडावं, असं कुठे आहे? दाखव, मी आत्ता उठतो."

"बुडणारा माणूस हात वर करतो, साहेब. तेही कुठे लिहिलेलं नसतं."

"मग मी काय करणार? माझ्या हातात काही नाही."

"म्हणजे हात वर करायचं घराण्यातच आहे म्हणायचं."

अध्यक्षांचे कान लाल झाले. "जीभ आवर. मुलगी म्हणून इतका वेळ ऐकून घेतोय."

"मुलगी म्हणून नका ऐकू. जिंकली ती मी आहे, म्हणून ऐका."

आता ही रडणार असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिला रडू येत नव्हतं. तो ग्लास बापाच्या डोक्यात घालावा की लेकाच्या, एवढंच तिचं ठरत नव्हतं. ट्रॅकवर तिने कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं आणि इथे ती बसल्या खुर्चीत मागे पडत होती.

"तू संधी साधलीस," मुलगा म्हणाला. "मान्य कर ना."

ती त्याच्याकडे वळली. "तुझा हात वर गेला तेव्हा मला वाटलं, तुझे ब्रेक गेले. घाबरले मी. तुझ्यासाठी, गाढवा."

मुलगा टेबलाच्या कडेवर नख ओढत राहिला.

"एक अडचण आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तो काच पुसत होता, एवढ्यावर भागणार नाही. मागून येणाऱ्याला ते कसं कळावं? हिला दोषी धरायचं असेल तर वर केलेल्या हाताला काही अर्थच नाही, असं महासंघाला लिहून द्यावं लागेल. नुसतं हिच्यापुरतं नाही, सगळ्यांना लागू. नाहीतर अपिलात आपला निकाल टिकणार नाही."

"मग देऊ लिहून. त्यात काय एवढं?" अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. "घ्या हो सचिव. 'शर्यतीदरम्यान स्वाराने हात वर केल्यास त्याला कोणताही अर्थ नाही.' पूर्णविराम. 'मागून येणाऱ्या स्वारांनी वेग कमी करू नये, बाजूला होऊ नये, त्या हाताची कोणतीही दखल घेऊ नये. हा नियम येत्या रविवारपासून...'"

सचिव लिहीत होते. घोरपड मुलाकडे बघत होती. त्या गारठ्यातही त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बाबा," तो म्हणाला, "ते वाक्य नको."

"का?"

"रविवारी मी सगळ्यात पुढे असेन. बाकीचे सगळे माझ्या मागे."

अध्यक्ष वैतागले. सगळं जुळून आलं असताना पोराने कच खावी, हे काही त्यांना पटेना.

"अरे, मग ही हरणार कशी?"