पाचवी खुंटी

व्हर्मांटमध्ये तो कायदा झाला ते साल २०१८. जो माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती आहे, त्याच्या बंदुका न्यायालयाच्या हुकमानं काही महिने काढून घ्यायच्या, असा कायदा. त्याला विरोध करायला हिवाळ्यात राजधानीत माणसं जमली, तेव्हा रोलंड पेल्की आणि त्याची बायको क्लॉडेट शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या घालून भर थंडीत पायऱ्यांवर उभी होती. दुपारचं खाणं तिनंच बांधून नेलं होतं.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला असताना, डेप्युटी शेरीफ वेंडेल फिच तोच कायदा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला.

वेंडेल काही परका नव्हता. तो आणि रोलंड तरुणपणापासून जंगलातल्या एकाच झोपडीत राहून शिकार करत आले होते. त्यानं बूट दाराशी काढले, टोपी हातात घेतली. कॉफी नको म्हणाला. तो कॉफी नको म्हणाला तेव्हाच रोलंडनं पेपर खाली ठेवला.

"जंगलातून परत येणार नाही, असं म्हणालास का रे तू?" वेंडेलनं विचारलं. "या वर्षी?"

उन्हाळ्यात धाकटा भाऊ गेल्यापासून रोलंड फारसं बोलतच नव्हता. ते वाक्य तो एकदाच बोलला होता, मेपलचा रस आटवायच्या खोपीत, लाकडं रचताना. आणि लाकडं हातात द्यायला तिथं क्लॉडेट एकटी होती. सरकारी वकिलापुढे बसून ते तिनं जसंच्या तसं सांगितलं होतं.

तो उठला आणि आपल्या हातानं भिंतीवरच्या बंदुका काढून देऊ लागला. प्रत्येक उघडून, रिकामी असल्याचं दाखवून, मगच पुढे करायची, ही त्या दोघांची जन्मभराची रीत. चार दिल्या. पाचवी खुंटी मोकळी होती.

त्या खुंटीवरची बंदूक वेंडेलला चांगली माहीत होती. रोलंडच्या वडिलांची, त्याच बंदुकीनं वेंडेलनंही आपलं पहिलं हरीण मारलं होतं. त्यानं मोकळ्या खुंटीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"म्हणजे चारच," तो म्हणाला. "शनिवारी बर्फ पडेलसं दिसतंय. माग छान उमटतील."

पाचवीबद्दल एक अक्षरही न बोलता या दोघांचं ठरलं, हे क्लॉडेटला कळलं. रोलंडनं ती कुठं लपवली होती ते तिला ठाऊक होतं; कोट न घालताच ती मागच्या दारानं खोपीकडे गेली. परत आली ती धुरानं काळं पडलेलं पोतं कवटाळून. त्यातली बंदूक तिनं टेबलावर ठेवली.

"तू बघितलंस, वेंडेल," ती म्हणाली. "बघून न बघितल्यासारखं केलंस."

वेंडेलची मान खाली गेली. रोलंड मात्र तिच्याकडे पाहत होता. कित्येक महिन्यांनी असा नीट पाहत होता.

"टोपी तुझ्याही डोक्यावर होती, क्लॉडेट," तो म्हणाला.

शनिवारी बर्फ पडला. रोलंड दिवसभर खिडकीशी बसून होता.

वेंडेल त्या घरात पुन्हा आला नाही. पुढं नोकरी सोडून तो फ्लॉरिडाला मुलीकडे राहायला गेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंदुका परत मिळाल्या. रोलंडनं चार जागच्या जागी लावल्या, वडिलांची पुतण्याला देऊन टाकली, आणि पाचव्या खुंटीवर क्लॉडेटची नारिंगी टोपी अडकवली. तिच्या जेवायच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

तो आणखी पाच वर्षं जगला. हळूहळू बोलू लागला, हवेबद्दल, रसाबद्दल, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल. टोपीबद्दल कधीच नाही. शेवटी आपल्याच अंथरुणात, झोपेत गेला.

क्लॉडेट अजून त्याच घरात असते. बंदुका तिनं केव्हाच वाटून टाकल्या. भिंत झाडताना ती टोपी काढते, दारात जाऊन धूळ झटकते आणि पुन्हा त्याच खुंटीवर लावते.