बेबीचं ताट

उंदरांच्या औषधाची पुडी फडताळात नव्हती. सुहासिनीने वरचा खण चाचपला, खालचा चाचपला, पिठाचा डबासुद्धा उचलून पाहिला. पुडी गेलीच होती. तेवढ्यात ओसरीवरून तिच्या सासऱ्यांची, नानांची, हाक आली. "सूनबाई, नळ आला असेल. जा, पानी भरून आण."

तिने कळशी उचलली. कालही त्यांनी याच वेळी तिला बाहेर पिटाळलं होतं, परवाही. ती परत येते तो बेबीचं जर्मनचं ताट चाटूनपुसून लख्ख! जी कुत्री तिच्या हातचा तुकडा घेत नव्हती, ती नानांच्या हातून जेवते? तिच्या नवऱ्याला, शरदला, याचा आनंदच झाला होता. "फालतू शक नको करू," गिरणीच्या ऑफिसात जाता जाता तो म्हणाला होता. "खातेय ना? बस!" ताट रिकामं दिसलं की पुरुषांना जगात सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

बेबी महूच्या छावणीतली. तिचा गोरा साहेब विलायतेला निघून गेला आणि त्याच्या बंगल्यावरच्या दोन कुत्र्या मागे उरल्या. कुणीतरी भटकी कुत्री मारायला विषाचे लाडू टाकले, ते एकीने खाल्ले. ती बेबीच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. तेव्हापासून बेबीने माणसाच्या हातचं अन्नच टाकलं. सुहासिनीचं माहेर महूचं. तिथे गेली असताना तिला ते बघवेना, म्हणून ती बेबीला इंदूरला घेऊन आली.

बाईसाहेबांचा तोरा मात्र जागच्या जागी. आल्या दिवशीच तिने ओसरीवरची नानांची घोंगडी बळकावली. उठवायला गेलं की दात दाखवी, आणि स्वयंपाकघरात भांडं पडलं की तीच बया थरथर कापत कोपऱ्यात शिरे. दूध ठेवा, पोळी ठेवा, मटणाचा रस्सा ठेवा. लांबून वास घ्यायची, ठेवणाऱ्याचं तोंड न्याहाळायची आणि मान फिरवायची. अंगावर नुसत्या बरगड्या राहिल्या होत्या. रविवारपर्यंत खायला लागली नाही तर परत महूला, असं शरदने बजावलं होतं. महूला परत म्हणजे त्या लाडवांच्यातच परत. हे सुहासिनीला कळत होतं आणि तिला रात्री झोप लागत नव्हती.

नाना तेव्हा एवढंच म्हणाले होते, "जिद्दी जनावर आहे. हे असं नाही जगायचं."

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. नाना पूर्वी एका सरदारांच्या कोठीवर मुदपाकखान्यात होते. काय करत होते ते कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. संस्थान जाऊन मध्यभारत झालं, सरदारांचा डामडौल आटोपला, आणि नाना घरी बसले. पण कोठीचा रुबाब काही उतरला नाही. सुहासिनीने केलेली भाजी आधी ते एकटे चाखत. मग डोळे मिटून बसत. भाजी पार निवून गेली की म्हणत, "हं. आता तुम्ही घ्या." मीठ कमी नाही, तिखट जास्त नाही, एक शब्द नाही. लग्न झाल्यापासून हा अपमान ती रोज जेवणाआधी गिळत होती. ज्या माणसाला सुनेच्या हाताचा भरवसा नाही, तो तिने आणलेल्या कुत्रीला सुखाने जगू देईल? आधी जनावराचा विश्वास बसवायचा आणि मग ताटात पुडी सोडायची. महूला लाडू टाकणारे तरी उघड टाकत होते!

तिने कळशी बोळाच्या तोंडाशी ठेवली आणि ती परसदाराने पावलं न वाजवता घरात आली. माजघराच्या दाराआडून तिने ओसरीवर पाहिलं.

नाना मांडी घालून जमिनीवर बसले होते. पुढ्यात बेबीचं ताट होतं. समोर बेबी होती, आणि गुरगुरत नव्हती. नानांनी रस्त्याच्या दाराकडे चोरासारखं एकदा पाहिलं, मग ताटात हात घालून दूधपोळी नीट कालवली. बोटं तळापर्यंत फिरवली.

सुहासिनीला राहवेना. ती धावतच पुढे झाली. "नाना! काय कालवलंत त्यात? पुडी कुठाय?"

नाना दचकले, पण त्यांना बोलता येईना. त्यांच्या तोंडात घास होता. बेबीच्या ताटातला.

त्यांनी हातानेच तिला थांबवलं. सावकाश चावलं, गिळलं आणि डोळे मिटले. बेबी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"पुडी परवाच पुरून आलो, राजघराण्याच्या छत्र्यांच्या मागे," नाना डोळे न उघडताच म्हणाले. "असं भुकेलं लेकरू घरात आणलंस अन् फडताळात जहर ठेवतेस?"

"आणि तुम्ही हे... तिच्या ताटातलं..."

"कोठीवर हेच काम होतं माझं, बेटा. सरकारांच्या आधी घास घ्यायचा आणि थांबायचं. आपण धडधाकट राहिलो, तर त्यांना वाढायचं." त्यांनी ओठांवरचं दूध पुसलं. "सरकार गेले. आता तुम्ही आहात. मी जिवंत आहे तोवर या घरात माझ्या आधी कुणी घास नाही घ्यायचा. शरद नाही, तू नाही, आणि हीसुद्धा नाही. सुनेसमोर कुत्रीच्या ताटात जेवायची शरम वाटत होती, म्हणून तुला नळावर धाडत होतो."

सुहासिनी त्यांच्या शेजारी खाली बसली.

नानांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग डोळे उघडले, ताट दोन्ही हातांनी पुढे सरकवलं आणि मान लववून अदबीने म्हणाले,

"बेबीसाहेब, निर्धोक आहे. जेवावं."