निवडण

"हा पट्टा लाल की तपकिरी?" अप्पांनी रेझिस्टर तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"तपकिरी. काल पण हेच विचारलंत, अप्पा."

"कालचा दुसरा होता गं."

ती उशीला टेकून बसली. पलंगावर पेपर पसरून अप्पांनी पाकीट उपडं केलं होतं. खाली बसलं की त्यांचे गुडघे धरतात, म्हणून सगळा कारभार पलंगावरच चालायचा. रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर, असा रेडिओच्या सुट्या भागांचा सगळा मिसळलेला ढीग. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातला उरलासुरला माल पाकिटांत भरून विकायला काढलेला. धान्य निवडावं तसा तो निवडायचा.

सासऱ्यांची उभी हयात रेडिओ दुरुस्तीत गेली होती. कुठला भाग मेलाय ते झाकण उघडायच्या आधी सांगणारा माणूस, आता लाल-तपकिरीत चुकत होता.

पाकिटांचा नाद खरा तिच्या नवऱ्याचा. "यात काय निघेल ते देवालाच ठाऊक," म्हणत तो लहान पोरासारखा पाकीट फोडायचा. अप्पा तेव्हा त्याची टर उडवायचे. "मी जन्मभर भंगारातून वर यायला धडपडलो, आणि हा शहाणा पैसे मोजून भंगार घरात आणतोय." तो गेला, आणि अप्पाच पाकिटं आणायला लागले.

तिला कळत होतं. पोटचा पोर डोळ्यांदेखत गेल्यावर म्हाताऱ्या माणसाचं चित्त थाऱ्यावर कसं राहील? म्हणून ती त्यांचं मन राखायची. त्यांनी हाक मारली की उठून बसायची, रंगांचे पट्टे वाचून दाखवायची, डब्या भरायची. निवडून झालेलं अप्पा आतल्या खोलीत नेऊन ठेवायचे. ती नवऱ्याची खोली. तो गेल्यापासून तिथे तिचं पाऊल पडलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या नणंदेचा फोन आला.

"वहिनी, अप्पांना थोडे दिवस माझ्याकडे घेऊन येऊ का? मी विचारलं तर नाहीच म्हणतात."

अप्पा गेले तर या घरात ती आणि लेक, दोघीच. "इथे बरे आहेत ते. मी बघते ना त्यांच्याकडे."

नणंद म्हणाली, "बरं. तू जेवलीस का?"

"तुम्ही माझं सोडा हो, ताई."

लेक पलंगावर चढली. तिच्या दोन वेण्यांतली एक कानाच्या वर, एक मानेपाशी. वेण्या आजोबांच्या हातच्या. म्हाताऱ्याचा वेळ जातो, म्हणून तिने तेही चालवून घेतलं होतं.

"आई, ही बघ माझी चांदणी."

पोरीच्या बोटांत एक जाडा निळा कपॅसिटर होता. त्यावर चांदणीचा स्टिकर. मागच्याच आठवड्यात पोरीने तो चिकटवला होता आणि आजोबांची बोलणी खाल्ली होती. मग पोरीच्या हातून घेऊन तिने स्वतः तो कपॅसिटर डबीत टाकला होता. आज तो नव्या पाकिटातून निघाला.

"असतात गं अशा," अप्पा म्हणाले आणि कपॅसिटर खिशात घातला. "हा बघ, हा हिरवा ना?"

"निळा," ती म्हणाली, पण तिचं लक्ष उडालं होतं. म्हणजे अप्पा निवडलेला माल भ्रमात दुकानात नेऊन देतात, आणि तो दुकानदार तोच त्यांच्या गळ्यात परत मारतो. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं दुसरं काय असतं?

इतका राग तिला कित्येक महिन्यांत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत होती, अप्पांचा खुर्चीत डोळा लागला होता. तिने केस विंचरले. तिच्या चपला कपाटामागे सापडल्या, त्यांवर बोट उमटेल एवढी धूळ. पाकिटावरचा पत्ता वाचत ती निघाली. उन्हाने डोळे दिपले, दोनदा थांबावं लागलं. पण आज त्या माणसाचा कान धरल्याशिवाय परत फिरायचं नव्हतं.

दुकान बोळासारखं अरुंद. छतापर्यंत खण, जळक्या सोल्डरचा वास. दुकानदार उघड्या ॲम्प्लिफायरवर वाकला होता.

"तुमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ मिक्स पाकिटं घ्यायला येतात," ती म्हणाली. "उंच, जाड चष्मा."

"मास्तर ना? येतात की. माझा अडलेला सेट तेच सोडवून देतात. पट्टे तर तिथून, दारातून वाचतात."

"गोड बोलू नका. त्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून तोच माल त्यांना पुन्हा विकता तुम्ही. लाज नाही वाटत?"

"लक्षात राहत नाही? मास्तरांच्या?" दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "अहो बाई, मी विकलीत ती दोन-चारच पाकिटं. तीच आलटून पालटून फिरतात. निवडलेला माल घेऊन येतात, या स्टुलावर बसून स्वतःच्या हाताने कालवतात, आणि मी पाकिटाला परत सील मारून देतो. एक छदाम घेत नाही. मीही म्हटलं, मास्तर, हा काय खुळेपणा?"

"मग?"

दुकानदाराचा आवाज खाली आला.

"मुलगा गेला त्यांचा. सून तेव्हापासून अंथरुणाला खिळलीय. धड जेवत नाही, पोरीकडे बघत नाही. एकदा मुलाचं जुनं पाकीट यांच्या हातून तिच्यापुढे सांडलं, तर उठून बसली आणि निवडायला लागली. निवडण संपली की परत भिंतीकडे तोंड. म्हणून मग हे सगळं."

तिने काउंटरची कड धरली.

"तुमच्या ओळखीतले दिसतात," दुकानदार म्हणाला. "कशी आहे हो ती आता?"