आंबीच्या माळावरचा फुगा

"सोळा डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर. ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली," गंगाधर सरांनी सांगितलं आणि चष्मा पुसला.

तळेगावच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर रोज सकाळी सर दिनविशेष सांगत. इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. तारीख कधी चुकली नव्हती.

"त्या दिशी आमच्या आंबीत एकच रेडिओ," सीताराम म्हणाला, "अन् सेल उतरल्याले. मी ते चुलीपाशी शेकवले. बातमी लागली, पर रेडिओ असा तापला की हातात धरवंना. जिंकलो म्हणून गाव नाचत हुतं, अन् मी चटक्यानं!"

कट्टा हसून लोळला. सगळ्यांत जास्त हसल्या अनसूयाबाई, सरांच्या पत्नी. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय हो सीतारामभाऊ!"

सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. संसार सुरू झाल्यापासून ते या बाईला इतिहास ऐकवत होते. ती ऐकता ऐकता भाजी निवडायची. आंबीतली जमीन कारखान्यांत गेल्यावर सीताराम तळेगावात राहायला आला, आणि ती सकाळी सरांच्याही आधी चपला घालून तयार राहू लागली.

अंतराळवीर गागारीनची भारतभेट असो की ग्रहण, सीताराम प्रत्येक ठिकाणी हजर!

त्या संध्याकाळी चहा पिताना सरांनी बायकोला बेत सांगितला. "उद्या मनानं रचून एक घटना सांगणार. सत्तर साली आंबीच्या माळावर गोऱ्या साहेबांचा गरम हवेचा फुगा उतरला म्हणून. बघ, हा पठ्ठ्या तिथंही असेल."

"आणि तसं काही झालंच नाही?"

"फुगा कसला, पतंगसुद्धा नाही."

"चारचौघांत कशाला? म्हातारा माणूस आहे."

"तुला का एवढा पुळका?"

अनसूयाबाई कप विसळायला उठल्या.

सकाळी सरांनी शांतपणे तारीख सांगितली, साल सांगितलं, फुगा सांगितला.

"व्हय की!" सीताराम सरसावून बसला. "लाल अन् पिवळा. आमची बैलं बुजली, गाडीसकट वड्यात. आतनं गोरी बाई उतरली अन् खुणंनं पाणी मागाय लागली. मी तांब्या दिला, तर तिनं त्यात हातच धुतले!"

"पुढं?" शेजारच्या दत्तोबांनी विचारलं.

"पुढं काही नाही," सर उभे राहिले. "फुगा उतरलाच नव्हता. काल मी बसून रचला. हा माणूस रोज तुमच्या तोंडावर थापा मारतो आणि तुम्ही टाळ्या देता!"

सीतारामनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो त्या टोपीकडेच बघत राहिला.

सरांनी मोठ्या समाधानानं बायकोकडे पाहिलं.

अनसूयाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

"उतरला होता," त्या म्हणाल्या. "माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. गर्दीत मला काही दिसेना, म्हणून तुम्हीच मला कडेवर उचलून घेतलंत, सीतारामभाऊ. विसरलात?"