महापौरांसाठी पुलाव

जर्मनीतल्या त्या निर्वासितांच्या छावणीतलं स्वयंपाकघर आठ महिने कुलूपबंद होतं. "आगीचा धोका," व्यवस्थापकबाई सांगत. बाहेरून थंड पाव आणि चीजचे डबे यायचे. अफगाणिस्तानातल्या हेरातहून आलेल्या गुलसुमची म्हातारी आई त्याला शिवायचीही नाही. दिवसेंदिवस वाळत चालली होती.

मग महापौर भेटीला येणार असं ठरलं आणि आगीचा धोका आपोआप टळला. व्यवस्थापकबाईंनी स्वतः कुलूप काढलं. "गुलसुम, तुमच्याकडचं काहीतरी छान कर हं! पाहुण्यांना तुमची संस्कृती कळू दे."

गुलसुमनं गाजर-मनुका घालून पुलाव केला. महापौरांनी दोनदा मागून घेतला, फोटो काढून घेतले, एकोप्यावर भाषण ठोकलं. कोपऱ्यात आईनं ताटली चाटूनपुसून साफ केली. ते पाहून गुलसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यवस्थापकबाईंना वाटलं, भाषण भिडलं.

निघताना महापौरांनी तिचा हात हातात घेतला. "तुमच्यासाठी आणखी काय करू?"

"उद्याही जेवायला या, साहेब," गुलसुम मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "तुम्ही आलात तरच आमची चूल पेटते."

महापौर खळखळून हसले. मग आजूबाजूला कुणीच हसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.